लग्नासाठी राखलेलं जळण

आमची खव्याची भट्टी घरामागच्या, वर पत्रा टाकलेल्या शेडमध्ये होती. शेडला दार एक, खिडकी नाही. भिंती मुळात पांढऱ्या मातीनं सारवलेल्या होत्या असं दादा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. मी त्या काळ्याच पाहिल्या. नुसत्या काळ्या नाही, चिकट. आमचं गाव ईट या बाजारगावाच्या अलीकडं. भूम तालुक्यातल्या पुष्कळ गावांसारखं आमच्याकडंही दूध डेअरीपेक्षा भट्टीवर जास्त जायचं. सकाळी किटल्या घेऊन माणसं यायची, संध्याकाळी पुन्हा. दूध थांबत नाही, त्यामुळं भट्टीला सुट्टी नव्हती. सण असो, घरात मयत असो, म्हशी दूध देणारच आणि ते आटवावं लागणारच.

काम दोघांचं. दादा कढईपाशी उभे राहून लोखंडी उलथण्यानं दूध हलवायचे, अखंड, कारण हात थांबला की खवा बुडाला लागतो. आणि माझी आई, आम्ही तिला माय म्हणायचो, खाली भट्टीच्या तोंडाशी बसून जाळ घालायची. दूध उकळेपर्यंत जाळ मोठा, दाटायला लागलं की बेताचा, गोळा होताना नुसते निखारे. हे सगळं ती कढईकडं न बघता करायची, उलथण्याच्या आवाजावरनं. उभ्या माणसाच्या डोक्यावरनं धूर निघून जातो. बसलेल्या माणसाच्या तो तोंडातच जातो. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथं बसली, दिवसाचे आठ-नऊ तास.

मी दहावीत असताना तिला पहिल्यांदा धाप लागली. आडावरनं एक घागर आणताना ती दोनदा खाली टेकली आणि "पायात गोळा आला" म्हणाली. दोन वर्षांनी पायातल्या गोळ्याचं सोंग संपलं. बोलताना वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं. दादा तिला भूमला डॉक्टरकडं घेऊन गेले. परत आल्यावर ती ओसरीवर बसून शेजारणीला सांगत होती, "डाक्टर म्हणतो, बाई, विडी किती वढता? म्या म्हनलं, विडी न्हाय, बाभळ वढते. आख्खी." शेजारीण हसली, मायही हसली, आणि मग तिला इतका खोकला आला की मी पाणी घेऊन धावले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि धुरात बसू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुरात बसली होती. तिच्या जागी बसणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि भट्टी बंद केली तर खायचं काय, हा प्रश्न कुणी तोंडानं विचारलासुद्धा नाही.

माझ्याआधी आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. शाळेत माझ्या कपड्यांना धुराचा वास यायचा म्हणून पोरी बाकावर सरकून बसायच्या. मला जागा जास्त मिळायची आणि नंबर पहिला यायचा. मी केमिकल इंजिनीअर झाले, पुढं एम.टेक.ला गेले. हे मी लाजून सांगणार नाही. त्यासाठी माझ्या घरानं काय जाळलंय ते मला माहीत आहे.

कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी बाष्पीभवन शिकवलं. द्रवातलं पाणी उष्णता देऊन काढून टाकायचं. फळ्यावर एक भांडं, खाली ज्वाळा, वर वाफेचे बाण. मी आकृती वहीत उतरवली आणि मला सारखं वाटत राहिलं की हिच्यात काहीतरी काढायचं राहिलंय. खाली बसलेली बाई राहिली होती.

एम.टेक.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी सरांना सांगितलं, मला खव्याची भट्टी करायचीय. आमचं शास्त्र सोप्या शब्दांत असं: कारखाना बांधायच्या आधी तो संगणकात बांधून बघायचा. किती उष्णता आत गेली, किती कामाला आली, किती धुराड्यातनं वाया गेली, हे सगळं समीकरणांत मांडायचं आणि एकेक गोष्ट बदलून बघायची. खऱ्या विटा न फोडता. बाकीची मुलं साखर कारखाने, खतं, सिमेंट असलं काही घेत होती. सर चष्म्यावरनं बघून म्हणाले, "भट्टी? यात प्रोसेस काय आहे?" मी म्हणाले, "सर, दूध आत जातं, खवा बाहेर येतो, आणि मधे माझी आई मरतेय." सरांनी फॉर्मवर सही केली.

कुणी म्हणेल, नुसतं धुराडं लावायचं होतं. दादांनी ते एकदा करून पाहिलं होतं. पत्र्याचा पाइप लावला तर आग सगळी पाइपाकडं ओढली गेली, कढईची एक बाजू तापली, एक थंड राहिली. खवा करपला आणि जळण दीडपट लागलं. चौथ्या दिवशी दादांनी पाइप उपटून टाकला. म्हणजे धुराडं लावायचं तर हवा किती आत यावी, जळणाखालची जाळी केवढी, पाइप कुठं, हे सगळं एकत्र जुळवायला हवं होतं. तेच मला संगणकात जुळवायचं होतं.

श्रावणात घरी जाऊन मी जुनी भट्टी मोजली. दूध किती, खवा किती, जळण किती. मग तीन महिने रात्रंदिवस संगणकातल्या मॉडेलवर बसले. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची स्टीलची टाकी आणि मोजायची यंत्रं टेम्पोत घालून गावी आणली. भट्टीला टाकीतनं जाणारं धुराडं लावलं, खाली जाळी बसवली, तोंडाला पत्र्याचं झाकण केलं, आणि धुराड्याकडं जाणाऱ्या गरम हवेनं टाकीतलं दूध आधीच तापेल अशी सोय केली. पाच दिवस ही भट्टी चालली. त्या पाच दिवसांत शेडमधली पलीकडची भिंत मला पहिल्यांदा दारातनं दिसली. जळण जवळजवळ निम्मं लागलं. मला वजनाच्या काट्यावर विश्वास बसेना. माय जाळ घालत होती आणि मी शेजारी बसून आकडे लिहीत होते. सहाव्या दिवशी टाकी आणि यंत्रं कॉलेजला परत करायची होती, आणि टाकीशिवाय बाकीचं जुळत नव्हतं, म्हणून सगळंच सोडवून काढलं. सातव्या दिवशी शेड पुन्हा धुरानं भरलं.

या कामावरचा माझा पेपर एका मोठ्या परिषदेत घेतला गेला. विषय होता शाश्वत विकासासाठी संगणकाच्या मदतीनं प्रक्रिया अभियांत्रिकी. त्यात एक गोष्ट माझ्या कामाची होती. परिषदेत निवडल्या जाणाऱ्या एका प्रकल्पाला प्रत्यक्ष उभारणीसाठी निधी मिळणार होता. म्हणजे टाकी, धुराडं, जाळी, सगळं पक्कं, आमच्याच शेडमध्ये. सरांनी सांगितलं होतं, तुझा आकडा इतका चांगला आहे की पहिल्या तिनात तू नक्की. तोवर मायला जिना चढता येईना झाला होता. मी दिवस मोजत होते.

परिषद मोठ्या शहरातल्या एका संस्थेत होती. गार हवेचं सभागृह, गळ्यात फीत लावलेली कार्डं. जेवणात गुलाबजाम होते. मी एक खाल्ला आणि खवा कोरड्या जाळावरचा आहे की ओल्या, हे जिभेला कळायच्या आत शेजारचे एक प्राध्यापक म्हणाले, "तुमचा तो चुलीचा पेपर ना?" मी म्हणाले, "हो, चुलीचाच. बॉयलर पण चूलच असते सर, फक्त तिला इंजिनीअर असतो." ते हसले. चांगल्या मनानं हसले की नाही, सांगता येत नाही.

माझं सादरीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होतं. नऊला मी घरी फोन केला. मायचा आवाज आधी श्वासातनं यायचा, मग शब्दांतनं.

"आज हाय ना गं तुजं भाषण?"

"हो. अकराला."

"मग सांग त्यास्नी. सांग, मायनं पोरीची भट्टी पास व्हावी म्हणून लग्नाचं जळण काढून दिलं."

मला काही कळलं नाही. "कसलं लग्नाचं?"

"अगं, तुज्या लग्नासाठी राकलेलं. माळवदावरचं. दोन उन्हाळे वाळलेली बाभळ. त्या पाच दिसात तेच घातलं म्या. तू एवढी यंत्रं घिऊन मोजाय बसली, मग काय ओलं घालू? पाव्हण्याला शिळं वाढतेत व्हय कुणी?"

आमच्याकडं मुलगी वयात आली की तिच्या लग्नातल्या स्वयंपाकासाठी जळण फोडून वाळत ठेवतात. त्याला कुणी हात लावत नाही. मायनं ते माझ्या प्रयोगात जाळलं होतं.

"अन् श्रावणात? जुनी भट्टी मोजली तेव्हा?"

"तवा रोजचं. वढ्याकडची वेडी बाभळ. पावसात दुसरं काय असतंय?"

मी फोन कानाला लावून जिन्यात उभी होते. जुनी भट्टी मी भिजक्या लाकडावर मोजली होती, नवी खडखडीत वाळलेल्यावर. माझा निम्म्या जळणाचा आकडा भट्टीचा नव्हता. किती भट्टीचा आणि किती लाकडाचा, ते मला सांगता येत नव्हतं. आणि चूक मायची नव्हती. पुस्तकातल्या तक्त्यात लाकडापुढं त्याच्या उष्णतेचा एकच आकडा असतो, तो मी उचलून मॉडेलमध्ये टाकला होता. जिच्या घरात तीन पिढ्या जाळ घातला गेला, तिनं जळण ओलं आहे का, हे विचारलं नाही. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला अडाणी म्हणाले असते.

"माय, बरं केलंस," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांना शोधलं. ते चहा घेत होते. सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पेपर छापून झालाय. आकडा पुस्तिकेत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पंधरा मिनिटं बोल आणि खाली बस. निधी मिळू दे. मग गावी जाऊन पुन्हा मोजू."

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्यासाठी त्या टाकीच्या परवानगीला चार ऑफिसं पालथी घातली होती. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच करायचं होतं. निधी हातात आला असता तर पक्की भट्टी पावसाळ्याच्या आत उभी राहिली असती. पण जी भट्टी वाळल्या लाकडावर जुळवलेली आहे, तिच्यात माय रोजचं ओलं लाकूड घालणार होती. जाळी लहान पडणार, धुराड्याची ओढ कमी पडणार, आणि धूर झाकणाच्या फटीतनं बाहेर येणार. तो तिच्याच तोंडावर येणार होता. एवढं मला माझ्याच मॉडेलनं शिकवलं होतं.

मी मंचावर गेले. पहिली सात पानं ठरल्याप्रमाणं बोलले. आठव्या पानावर तो आकडा होता, मोठ्या अक्षरांत, हिरव्या चौकटीत. मी इंग्रजीतनं सांगितलं की हा आकडा तुम्ही धरू नका. जुनी भट्टी ओल्या जळणावर मोजली, नवी वाळल्यावर, आणि हे मला आज सकाळी नऊला कळलं. सभागृहात कुणीतरी खुर्ची हलवली. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं. सर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

प्रश्नांच्या वेळी एकच हात वर झाला. मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, साखर कारखान्यांच्या बॉयलरवर आयुष्य काढलेले. त्यांनी विचारलं, "श्रावणातलं लाकूड किती ओलं होतं?"

"माहीत नाही. मी मोजलं नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

"माझ्या आईला."

थोडे लोक हसले. ते गृहस्थ हसले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठलं आणि मराठीत बोलायला लागले. "पोरी, तू रडायचं सोडून विचार कर. आमच्या बॉयलरला उसाचा चोथा, ओली बगॅस, घातली की निम्मी आग पाणी उडवण्यातच जाते. तू गरम हवेनं दूध तापवत बसलीस. त्याच हवेनं आधी लाकूड वाळव ना. टाकीची गरजच काय?"

मी रडत नव्हते. पण तसं दिसत असेन.

निधी दुसऱ्या प्रकल्पाला मिळाला. संध्याकाळी पहिल्या तिघांची नावं वाचली, त्यातही आमचं नव्हतं. सर परतीच्या प्रवासात माझ्याशी फक्त तिकिटाबद्दल बोलले. मी कॉलेजला न जाता थेट गावी गेले. मायला दारातच पाटावर बसवलेलं होतं, पाठीला दोन उशा.

"पास झाली का भट्टी?"

"नाही."

"मग माजं जळण वाया गेलं म्हण की." आणि थोड्या वेळानं, श्वास जमवून, "आता तुजं लगीन ग्यासवर लावाय लागतंय."

मार्चमध्ये तिला आठ दिवस धाराशिवला दवाखान्यात ठेवलं. नळ्या लावलेल्या होत्या. घरी आली ती जाळ घालायला न बसण्याच्या अटीवर. तिच्या जागी दादा बसायचे आणि कढईवर मी. माझा हात दोनदा थांबला, दोन दिवसांचा खवा लागला. गिऱ्हाईक कुरकुरलं.

मायचं काम मी बदललं. तिला बाहेर लिंबाखाली बसवून तिच्यापुढं जळणाचा ढीग टाकला आणि म्हणाले, "ओलं कुठलं, वाळलं कुठलं, सांग." ती दोन ढलप्या एकमेकींवर आपटायची आणि आवाज ऐकायची. कधी कापलेलं टोक नाकाशी धरायची. तिनं तीन ढीग केले: ओलं, अर्धं, खडखडीत. प्रत्येक ढिगातली लाकडं मी कॉलेजला नेऊन तोलली, ओव्हनमध्ये वाळवली, पुन्हा तोलली. एकही ढलपी चुकीच्या ढिगात नव्हती. सरांना तक्ता दाखवला. त्यांनी प्रत्येक ओळ बोटानं तपासली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी तुला जे सांगितलं, ते चूक होतं." मी "हो" म्हणाले.

मॉडेल पुन्हा उभं केलं, आता ओलावा धरून. म्हाताऱ्या गृहस्थांचं खरं निघालं. दुधाची टाकी काढून टाकली. धुराड्याच्या बुडाशी विटांचा एक कप्पा केला, त्यात दुसऱ्या दिवसाचं जळण रचायचं. वाया जाणारी गरम हवा त्यातनं जाते आणि लाकूड वाळतं. स्टील नाही, यंत्र नाही. विटा, माती आणि पत्रा.

दादा तयार होईनात. "धुराडं लावलं की आग पळती. म्या बघितलंय," ते म्हणाले. "एवढं शिकून आली अन् चूल मांडाय बसली. उद्या पाव्हणं बघाय आलं अन् इचारलं तर काय सांगू?"

माय उशीवरनं बोलली, "सांगा, पोरगी विंजनेर हाय. अन् जावा, माती कालवा."

दादांनी माती कालवली. अकरा दिवस लागले. पहिल्या दिवशी हवा जास्त झाली आणि खवा करपला. मी हवेच्या भोकावर अर्धी वीट सरकवली. दुसऱ्या दिवशी कढई सगळीकडनं सारखी उकळली. आठवडाभरानं मायनं शेडमध्ये न्या म्हणून हट्ट धरला. मी नको म्हणत होते, पण दादांनी तिला उचलून दारात खुर्चीवर ठेवलं. ती न खोकता बसली. भट्टीच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि थोड्या वेळानं दादांना म्हणाली, "जाळ जास्ती झालाय. उलथणं खडखडतंय."

उशीर झाला होता हे मला माहीत होतं. तिची फुप्फुसं काही परत येणार नव्हती. ती मार्गशीर्षात गेली, नवी भट्टी पेटल्यापासून सात महिन्यांनी. लग्नासाठी राखलेलं जळण परिषदेच्या आधीच संपलं होतं, त्यामुळं सरणाला रोजचंच लाकूड होतं. पण ते वाळलेलं होतं.

पुढच्या वर्षी पेपर खऱ्या आकड्यांनी छापला. लेखकांत माझं नाव आहे, सरांचं आहे आणि तिसरं मायचं आहे. आमच्या भट्टीला आता पूर्वीच्या पाऊण भागाहून कमी जळण लागतं, शेडमध्ये धूर येत नाही, आणि गावातल्या आणखी चार भट्ट्या तशाच बांधल्या आहेत.